विश्लेषण : सिमेंटवरील कर घटला, तरी परसबागेचा खर्च का घटत नाही?

वस्तू व सेवा कर परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये करांचे टप्पे कमी केले. २२ सप्टेंबरपासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ठिबक आणि तुषार सिंचनाच्या साहित्यावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. घरामागच्या मोकळ्या जागेत थोडी फरसबंदी, थोडी हिरवळ, चार झाडे आणि बसायला कट्टा करण्याचा बेत असलेल्यांना साहजिकच वाटले, की आता खर्च उतरेल. प्रत्यक्षात गणित मांडले, तर ही आशा फार टिकत नाही.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांच्या कडेने बंगले आणि रो-हाउसच्या वसाहती वाढत आहेत. घराचे कर्ज, नोंदणी, फर्निचर यांतून सावरल्यावर मालक परसदारी वळतो आणि पहिल्या दरपत्रकाला दचकतो. त्याहून जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे शेजारशेजारच्या दोन घरांना, तेवढ्याच जागेसाठी, दीडपट-दुप्पट फरकाचे आकडे सांगितले जातात. ठेकेदार लुबाडतो आहे, असा निष्कर्ष लगेच निघतो. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा फरकाचे कारण जमिनीत, पाण्यात आणि घराच्या कडेने जाणाऱ्या बोळाच्या रुंदीत असते.

हे समजून घेण्यासाठी एक नमुना घेऊ. ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद, म्हणजे १००० चौरस फुटांचे परस. त्यात ५०० चौरस फूट हिरवळ, २०० चौरस फूट झाडांचे वाफे आणि ३०० चौरस फूट फरसबंदी.

करकपातीने नेमके किती वाचतात?

आपल्या नमुन्यातील फरसबंदीखालचे काँक्रीट, फरशीचा माल आणि एखादा बुटका कट्टा यांना मिळून साधारण ४० गोण्या सिमेंट लागेल. करापूर्वी गोणीची किंमत २८० रुपये धरली, तर २८ टक्के दराने ती ३५८ रुपयांना पडत होती. १८ टक्के दराने ३३० रुपयांना पडते. कंपनीने आणि दुकानदाराने सगळा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचवला असे मानले, तरी गोणीमागे २८ रुपये आणि ४० गोण्यांमागे ११२० रुपये वाचले. दोन मजुरांच्या एका दिवसाच्या मजुरीत ही बचत संपते.

ठेकेदार जीएसटी नोंदणीकृत असेल, तर तेवढाही फरक पडत नाही. साहित्यावर भरलेल्या कराची वजावट त्याला पूर्वीही मिळत होती, आजही मिळते. म्हणजे त्याच्या दृष्टीने सिमेंटची खरी किंमत २८० रुपयेच होती आणि आहे. साहित्यासह कामाच्या त्याच्या बिलावर १८ टक्के कर लागत होता, तो तसाच आहे. थेट फायदा मिळतो तो स्वतः सिमेंट विकत घेणाऱ्या मालकाला आणि नोंदणी नसलेल्या छोट्या ठेकेदाराला. रोपांवर तर जीएसटी मुळात नाहीच.

याचा अर्थ करकपात निरर्थक आहे असा नाही. अख्खे घर बांधणाऱ्याला ती जाणवते. परसबागेत मात्र सिमेंट हा खर्चाचा मुख्य भाग नसतो. मग मुख्य भाग कोणता?

परसबागेचा खर्च कशावर ठरतो?

थोडक्यात सांगायचे, तर वजनावर. किती माल बाहेर न्यायचा, किती आत आणायचा आणि तो कोणत्या वाटेने, हे कळले की निम्मे दरपत्रक कळते.

हिरवळ आणि वाफे मिळून ७०० चौरस फूट जागेत नऊ इंच चांगली माती भरायची, तर ५२५ घनफूट माती लागते. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणून ही सव्वापाच ब्रास झाली. मातीचा ओलावा आणि प्रकार यांनुसार वजन बदलते, पण सव्वापाच ब्रास म्हणजे साधारण २० टन धरायला हरकत नाही. आणि ती भरण्याआधी तेवढी जागा रिकामी करावी लागते. नव्या घराच्या परसात बहुतेक वेळा माती नसतेच. विटांचे तुकडे, वाळलेला माल, फरशीच्या कपच्या, प्लास्टिकच्या गोण्या असा राडारोडा दाबून वर चार बोटे लाल माती पसरलेली असते. तो उपसून बाहेर न्यायचा म्हणजे आणखी २० ते २५ टन. शिवाय उपसलेला माल मोकळा होऊन फुगतो, त्यामुळे खड्ड्याच्या मापापेक्षा गाडीच्या खेपा जास्त होतात.

फरसबंदीचाही असाच हिशेब आहे. वर दिसणारी फरशी दीड इंचाची असते. तिच्याखाली खणणे, मुरूम-खडीचा थर, तो ठोकून घट्ट करणे, काँक्रीट आणि मग फरशीचा माल एवढे सगळे असते. सगळी बेरीज केली, तर १००० चौरस फुटांच्या या साध्या परसात ६० टनांहून अधिक माल हलतो.

आता वाटेचा प्रश्न. डंपर आणि जेसीबी थेट परसापर्यंत जात असतील, तर हे काम दोन-तीन दिवसांचे आहे. घराच्या कडेला फक्त चार फुटांचा बोळ असेल, तर हेच काम घमेल्याने करावे लागते. एका घमेल्यात २० किलो माती धरली, तर केवळ भरायच्या २० टनांसाठी हजार घमेली होतात. राडारोड्याची हजार-बाराशे वेगळी. रांगेतल्या मधल्या घराला बोळही नसतो, तेव्हा माती दिवाणखान्यातून न्यावी लागते. कोपऱ्यावरच्या घराला आणि मधल्या घराला वेगळा भाव का सांगितला जातो, याचे उत्तर इथे आहे.

म्हणूनच घर बांधून होण्याआधी, कुंपणभिंत घालण्याआधी परसातली अवजड कामे उरकणे हा खर्च वाचवण्याचा सर्वांत मोठा मार्ग आहे. दुर्दैवाने बहुतेक जण कुंपणाला रंग दिल्यानंतर बागेचा विचार सुरू करतात.

जमीन बदलली की खर्च का बदलतो?

महाराष्ट्रात दोनशे किलोमीटरमध्ये जमिनीचा स्वभाव पूर्ण पालटतो. दख्खनच्या पठारावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. कापसाला आणि ज्वारीला ती मानवते, फरशीला मानवत नाही. काळ्या मातीवर थेट बसवलेली फरशी एक-दोन पावसाळ्यांत वरखाली होते, सांधे उघडतात. म्हणून तिथे आधी काळी माती काढून मुरूम भरावा लागतो. उलट, खाली मुरमाड जमीन असेल तर पाया जवळजवळ तयार मिळतो, पण झाडांसाठी माती विकत आणावी लागते. काळ्या मातीच्या घराला फरसबंदी महाग पडते, तर मुरमावरच्या घराला बाग.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न उताराचा आणि जांभ्याचा आहे. उतार सपाट करून परस करायचे, तर मातीला टेकू देणारी भिंत लागते. इथे एक साधा नियम माहीत असावा. भिंतीची उंची दुप्पट केली, की तिच्यावरचा मातीचा एकूण रेटा चौपट होतो आणि तिला उलटवू पाहणारा जोर आठपट. त्यामुळे सहा फुटांची भिंत तीन फुटांच्या भिंतीच्या दुप्पट किमतीत होत नाही. पाया, जाडी आणि लोखंड सगळेच वाढते. मध्ये पुरेसे अंतर ठेवून तीन-तीन फुटांच्या दोन पायऱ्या करणे बहुधा स्वस्त आणि सुरक्षितही असते. जुन्या कोकणी घरांनी उतारावर बुटके गडगे घालून टप्पे केले, त्यामागे हाच हिशेब आहे. सुक्या रचलेल्या गडग्यातून पाणी आपोआप झिरपून जाते. सिमेंटने बांधलेल्या भिंतीला मात्र पाणी बाहेर पडायला भोके ठेवावी लागतात. ती विसरली, की पावसाळ्यात भिंतीमागे साठलेले पाणीच भिंत ढकलते.

पावसाचे पाणी खर्चात कसे येते?

१००० चौरस फूट जागेवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९३०० लिटर पाणी जमा होते. एका मोठ्या टँकरएवढे. असा पाऊस केवळ कोकणात पडतो असे नाही. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या सुमारास २४ तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले. त्यात घराच्या छपरावरचे पाणी परसातच सोडलेले असेल, तर आकडा दुप्पट होतो.

माती हे पाणी काही प्रमाणात पिते. सलग फरशी किंवा काँक्रीट पीत नाही. म्हणून फरसबंदी वाढली, की उतार, जाळीची गटारे, पाइप आणि शोषखड्डा यांचा खर्चही वाढतो. फरसबंदीचा दर विचारताना हा खर्च कोणी धरत नाही, पण तो तिच्यामुळेच होतो. न केल्यास पाणी जाते कुठे? घराच्या जोत्याला ओल धरते, नाहीतर शेजाऱ्याच्या परसात उतरते. पावसाळ्यातल्या शेजाऱ्यांच्या भांडणांचे हे एक ठरलेले कारण आहे. आणि वसाहतीतल्या प्रत्येकाने परस फरशीने बंद केले, तर ते सगळे पाणी एकदम रस्त्यावर येते.

सगळीकडे सलग फरशी घालण्याऐवजी चालण्यापुरत्या सुट्या फरशा आणि मध्ये खडी किंवा गवत ठेवले, तर काँक्रीट, गटार आणि मजुरी या तिन्हींत बचत होते.

हिरवळ स्वस्त की महाग?

हिरवळ लावताना स्वस्त वाटते. गवताच्या तयार चटया चौरस फुटाच्या भावाने मिळतात आणि एका दिवसात परस हिरवे दिसते. तिचा खरा खर्च नंतर सुरू होतो.

एप्रिल-मेच्या उन्हात हिरवळीला दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी लागते. ५०० चौरस फुटांना हे दिवसाला सुमारे २३० लिटर झाले, महिन्याला सात हजार लिटर. शहरातील पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे ५०० चौरस फुटांची हिरवळ उन्हाळ्यात जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिते. पुण्यात समाविष्ट झालेल्या अनेक गावांत उन्हाळ्यात माणसांसाठीच टँकर येतो, तिथे हिरवळीसाठी वेगळा टँकर मागवावा लागतो किंवा विंधनविहिरीवर भार टाकावा लागतो. विंधनविहिरीची पातळी खाली गेली, की खर्च एकट्या मालकाचा राहत नाही. शेजारच्या विंधनविहिरीही खोल जातात.

पाण्याखेरीज कापणी, खत, तण काढणे, वर्षातून एकदा वर माती टाकणे आणि सावलीत विरळ झालेले तुकडे बदलणे हे आहेच. माळ्याचा पगार हा हिरवळीच्या किमतीचाच भाग आहे, फक्त तो हप्त्याने द्यावा लागतो.

इथे आपल्या जुन्या परसाची आठवण उपयोगी आहे. न्हाणीचे आणि भांडी घासण्याचे पाणी जिथे उतरायचे, तिथे केळ, अळू, कर्दळ लावलेली असे. पलीकडे कढीपत्ता, लिंबू, एखादे पारिजातक. मधले अंगण चोपून सारवलेले. पाण्याचा निचरा आणि झाडांचे पाणी हे दोन खर्च त्या मांडणीत एकमेकांना फेडत असत. आजच्या साबण-डिटर्जंटच्या पाण्यावर पालेभाजी लावू नये हे खरे, पण आंघोळीचे पाणी साध्या गाळणखड्ड्यातून केळी-कर्दळीकडे वळवणे आजही शक्य आहे. हे काम नळजोडणी करतानाच झाले, तर थोडक्यात होते. फरशी बसल्यावर करायचे म्हटले, तर फरशी फोडण्यापासून सुरुवात.

झाडाची किंमत कशावर असते?

रोपवाटिकेत आपण झाड विकत घेत नाही, त्याचे वय विकत घेतो. दोन फुटांची बकुळ आणि बारा फुटांची बकुळ यांत जातीचा फरक नसतो. कोणीतरी दुसरीला काही वर्षे जागा, पाणी आणि मजूर दिलेले असतात, त्याचे पैसे आपण देतो. त्यात वजन पुन्हा येते. मोठे झाड मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट येते. ते उचलायला चार माणसे किंवा क्रेन लागते, मोठा खड्डा लागतो, टेकू लागतात आणि तरीही ते जगेलच याची खात्री नसते. लहान रोप मुळे लवकर पसरते आणि अनेकदा काही वर्षांत मोठ्या लावलेल्या झाडाला गाठते.

पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांग आहे. राज्यात विकली जाणारी शोभेची बरीच रोपे आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरमजवळच्या कडियम इथूनही येतात. एवढ्या लांबून आलेल्या रोपाच्या किमतीत ट्रकचे भाडे आणि वाटेत मेलेल्या रोपांचा तोटा धरलेला असतो. जवळ वाढलेले, इथल्या हवेला सरावलेले रोप घेतले तर हे दोन्ही टळतात.

परस पहिल्याच दिवशी भरलेले दिसावे, या हट्टाने खर्च सर्वांत वेगाने वाढतो. तीन फुटांवर लावायची झुडपे एक फुटावर लावली, की त्याच जागेत कित्येक पट रोपे लागतात आणि दोन वर्षांनी त्यातली निम्मी उपटावी लागतात. पावसाच्या सुरुवातीला लहान रोपे लावून एक वर्ष धीर धरणाऱ्याला तीच बाग बऱ्याच कमी पैशांत मिळते.

परसात आधीपासून मोठे झाड असेल, तर ते तोडून नवा आराखडा आखण्याआधी कायदा पाहावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरी भागात खासगी जागेतले झाड तोडण्यासाठीही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण दिले. कायदा बाजूला ठेवला, तरी हिशेब सोपा आहे. मोठ्या आंब्याची किंवा चिंचेची सावली कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाही.

दगड, वाळू आणि हात यांचे काय?

शहाबादी फरशीचे नाव कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादवरून आले आहे. कोटा राजस्थानातून येतो, तांदूर तेलंगणातून. खाणीवर यांच्या किमतीत फारसे अंतर नसले, तरी आपल्या दारात पोहोचेपर्यंत पडते, कारण दगड जड आणि रस्ता लांब. त्यात आकाराचा भाग आहे. आयताकृती फरसबंदीत कापाकापी कमी होते. वळणदार वाट, गोल कट्टा, तिरपी मांडणी यांत कापलेले तुकडे वाया जातात आणि गवंड्याचे दिवस वाढतात. कागदावर एक वळण काढायला काही लागत नाही. जागेवर ते दोन दिवस खाते.

वाळूचा भाव धोरणावर आणि हंगामावर हलतो. पावसाळ्यात नदीपात्रातला उपसा बंद असतो. नद्यांवरचा ताण कमी करण्यासाठी राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळू धोरण मंजूर केले. परसातल्या कामासाठी खाणीतून दळून येणारी ही क्रश सँड पुरेशी असते. नदीच्या वाळूचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

राहिले हात. साधा मजूर, फरशी बसवणारा गवंडी, नळकाम करणारा, वीजजोडणी करणारा आणि माळी असे चार-पाच प्रकारचे कारागीर एका छोट्या परसात लागतात. प्रत्येकाची खेप ठरवावी लागते आणि काम अर्ध्या दिवसाचे असले, तरी दिवस पूर्ण भरावा लागतो. म्हणून ३०० चौरस फुटांच्या कामाला चौरस फुटामागे जास्त पडतात आणि ३००० चौरस फुटांच्या कामाला कमी. सण, पेरणी आणि गावाकडच्या सुगीच्या दिवसांत मजूर मिळणे कठीण होते, भाव चढतो. एकाच वसाहतीतल्या तीन-चार घरांनी मिळून काम काढले, तर गाडी, यंत्र आणि कारागीर यांचा खर्च वाटला जातो. या उपायाला सरकारी सवलत लागत नाही.

स्वस्त दरपत्रकात काय कापलेले असते?

फरशी, हिरवळ आणि झाडे डोळ्यांना दिसतात, त्यामुळे ती कोणी कापत नाही. कापले जातात खालचे थर. नऊ इंच मातीऐवजी चार इंच, राडारोडा उपसण्याऐवजी त्यावरच भर, ठोकून घट्ट न केलेला मुरूम, निचऱ्याचा पाइप गायब. काम संपते त्या दिवशी दोन्ही परसे सारखीच दिसतात. फरक पहिल्या पावसाळ्यानंतर कळतो. फरशी बसते, डबकी होतात, पाणी तुंबून मुळे कुजतात आणि झाडे पिवळी पडतात. दुरुस्तीत मग तिप्पट काम होते. बसवलेले काढायचे, बाहेर न्यायचे आणि पुन्हा घालायचे. तेही आता बंद झालेल्या वाटेने.

पैसे कमी असतील, तर थर कापण्याऐवजी काम टप्प्यांनी करणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या वर्षी उपसा, माती, उतार, निचरा आणि जमिनीखालचे पाइप. फरसबंदी आज अर्धीच करायची असेल, तरी तिच्याखालून पाण्यासाठी आणि विजेसाठी रिकामे पाइप टाकून ठेवावेत. त्यांची किंमत किरकोळ असते, पण पुढची तोडफोड वाचते. कट्टा, दिवे, कारंजे, मांडव हे नंतर कधीही करता येतात. हिरवळ सर्वांत शेवटी ठरवावी. कदाचित तोपर्यंत तिची गरज वाटणार नाही.

दरपत्रक मागताना काय विचारावे?

‘चौरस फुटाला किती?’ हा पहिला प्रश्न बहुतेक जण विचारतात आणि त्याचाच सर्वांत कमी उपयोग होतो. त्या एका आकड्यात जमीन, वाट, पाणी आणि थर सगळे झाकले जाते. त्याऐवजी ठेकेदाराकडून लेखी तीन आकडे घ्यावेत. किती ब्रास माल बाहेर जाणार आणि किती आत येणार? उन्हाळ्यात रोज किती लिटर पाणी लागणार? कोणत्या कारागिराचे किती दिवस? सोबत मातीची, मुरमाची आणि काँक्रीटची जाडी इंचांत लिहून घ्यावी आणि झाकण्याआधी टेप लावून मोजावी.

हे आकडे हातात आले, की दोन दरपत्रकांची तुलना खऱ्या अर्थाने करता येते. ज्याला ते देता येत नाहीत, त्याने जागा नीट पाहिलेलीच नाही असे समजावे. आकडे मोठे वाटले, तर ठेकेदाराशी घासाघीस करण्याआधी आराखड्याशी करावी. हिरवळ २०० चौरस फूट कमी केली, तर उन्हाळ्यात रोज ९० लिटर पाणी वाचते. वळणदार वाट सरळ केली, तर गवंड्याचे दोन दिवस वाचतात. आणि जुन्या झाडाभोवती आराखडा वळवला, तर नवे मोठे झाड, क्रेन आणि परवानगी असे तिन्ही खर्च यादीतून जातात.